सैल टाका

गाडी सुटून अर्धा तास झाला नव्हता, तोवर बाइंडर चौथ्यांदा जागेवरून उठला. पहिल्यांदा बॅग वरच्या फळीवर नीट बसली आहे का ते बघायला, दुसऱ्यांदा ती खाली घ्यायला, तिसऱ्यांदा परत वर ठेवायला. आता काय निमित्त काढतो म्हणून बायको बघत होती, तर हा नुसताच उभा राहिला, खिडकीबाहेर नजर टाकली आणि म्हणाला, "हळूच चाललीय."

"तुम्ही बसा खाली. तुमच्या उठबशा बघून तीच दमली असेल," बायको म्हणाली.

तो बसला, म्हणजे टेकला. तीस वर्षं पुस्तकं बांधून ज्याची बोटं पुठ्ठ्यासारखी टणक झाली होती, त्या माणसाला रिकामे हात कुठे ठेवावेत हे कळत नव्हतं. दुकानात हा प्रश्न कधी पडायचा नाही. तिथे एका हातात दाभण, दुसऱ्यात मेण लावलेला दोरा, आणि देवानं तिसरा हात दिला असता तर त्यात खळीचा ब्रश. छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या घड्या घालायच्या, म्हणजे फर्मे करायचे, हे काम बायकोचं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यातली सव्वीस ती त्याच्या समोर बसून घड्या घालत आली होती. त्यामुळे हा माणूस कुठे दुमडतो ते तिला आधीच कळायचं.

"किती वाजता पोचतो आपण?" त्यानं विचारलं.

"आठ."

"आणि तिथून दवाखाना?"

"दहा मिनिटं. सकाळपासून सहाव्यांदा सांगतेय. आता पाटी लिहून गळ्यात घालते."

बोलणं तिखट होतं, पण हातातला रुमाल तिनं एव्हाना घडी घालून घालून आगपेटीएवढा केला होता. घोर तिलाही होता.

गोष्ट अशी होती की सरहद्दीपलीकडच्या शहरात बाइंडरची थोरली बहीण राहत होती. त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, उभी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली, सगळ्यांची ताई. तिच्या घशात गाठ निघाली होती, आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन उद्या सकाळी नऊला. चार दिवसांपूर्वी तिनं भावजयीला फोन केला होता आणि घोगऱ्या आवाजात दोनच वाक्यं बोलली होती. "त्याला म्हणावं, माझ्या तोंडून काही ऐकायचं असेल तर त्याआधी समोर येऊन उभा राहा. फोनवर मी त्याच्याशी बोलायची नाही."

फोनवरच काय, ती त्याच्याशी अकरा वर्षांत एक अक्षर बोलली नव्हती. आणि यात चूक कोणाची हे विचाराल तर बाइंडर स्वतःच हात वर करील.

आई गेली त्या वर्षी ताई माहेरी आली होती. परत जायच्या दोन दिवस आधी तिनं एक जुनी वही भावाच्या हातात ठेवली. तिची नववीतली वही; दोरे तुटलेले, पानं सुटलेली. "नुसती शिवून दे," म्हणाली. आता बाइंडरला नुसती शिवून दे म्हणणं म्हणजे हलवायाला नुसता पाक कर म्हणण्यासारखं. बहिणीची वही, तीही आईच्या मागे पहिल्यांदाच काही मागितलेलं. त्यानं जीव ओतला. पाठीला चामडं, वर सोनेरी अक्षरं, आणि पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसत होत्या म्हणून तिन्ही बाजूंनी चांगल्या बोटभर आत घेऊन कापून काढल्या. समासात पेन्सिलीनं काहीतरी वेडंवाकडं खरडलेलं होतं. शाळेतल्या पोरीचा चाळा, असं त्याला वाटलं. सुरी फिरली आणि वही नव्या विटेसारखी रेखीव निघाली.

ताईनं वही हातात घेतली. कडेवरून अंगठा फिरवला, मधेच उघडली, मिटली. "छान झालीय," म्हणाली, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेली. त्यानंतर नाव नाही.

कारण कळायला तीन महिने लागले, तेही बायकोमार्फत. आई अंगठा लावायची हे बाइंडरला जन्मापासून ठाऊक होतं. पण पन्नाशीच्या अलीकडे ती लिहायला शिकली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो खेळायला गेला की ताई तिला शिकवायची. कोरी वही खराब करायची नाही म्हणून आई मुलीच्या वहीच्या समासात लिहायची. रोज एक ओळ. जन्मात तिनं लिहिलं ते एवढंच. कापलेल्या कडा त्याच दिवशी रद्दीवाल्याबरोबर गेल्या होत्या. बाइंडरनं रद्दीवाल्याचं घर गाठलं, गोदाम उपसलं, हात हलवत परत आला. ताईला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, आणि येऊ नये असंच त्यालाही मनातून वाटत राहिलं.

आता तिनं बोलावलं होतं. शिव्या देईल, रडेल, की माफ केलं म्हणेल, त्याला काहीच अंदाज नव्हता. एवढंच कळत होतं की जे काय आहे ते आज रात्री आठनंतर आणि उद्या सकाळी नऊच्या आत.

बारा वाजले तसा समोरच्या बाकावरचा प्रवासी जागा झाला. हा छत्र्यांचा घाऊक विक्रेता होता आणि महिन्यातून दोनदा सरहद्द ओलांडायचा, त्यामुळे गाडी आपल्याच मालकीची असल्यासारखा बोलायचा. "पहिल्यांदाच चाललात वाटतं," तो म्हणाला. "काळजी करू नका. दोन वाजता सरहद्दीचं स्टेशन येतं. दारं बंद करतात, अधिकारी डब्यात येतात. तीन गोष्टी करायच्या नाहीत. घाई करायची नाही, विनोद करायचा नाही, आणि विचारल्याशिवाय खरं बोलायचं नाही."

"खरं बोलायला काय हरकत आहे?" बाइंडरनं विचारलं.

"हरकत काही नाही. वेळ फार लागतो."

बाइंडर हसला नाही. पण पासपोर्टचा विषय निघाल्यानं त्याच्या हातांना काम सापडलं. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून आपला पासपोर्ट काढला, मांडीवर ठेवून मधोमध उघडला आणि बोट काढून घेतलं. पासपोर्ट उघडाच राहिला, पसरलेल्या तळहातासारखा सपाट.

"बघ," तो बायकोला म्हणाला. "आता कसा राहतो. आधी मिटायचा."

बायकोनं पासपोर्टकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीकडे, मग नवऱ्याकडे. आगपेटीएवढा रुमाल तिच्या हातातून पडला. "तुम्ही हा शिवलात?"

"मधला टाका सैल होता. हातात आला त्या दिवसापासून अंगठ्याला लागत होता."

"सरकारी पासपोर्ट शिवलात."

"सरकारी आहे म्हणून सैल ठेवायचा?"

इथे बाइंडरची बाजू सांगायला हवी, कारण त्याची बाजू घेणारं त्या डब्यात कोणीच नव्हतं. तिकिटं काढून झाल्यावर चार दिवस नुसते काढायचे होते. या माणसाचं असं होतं की जीव घाबरा झाला की हात शिवशिवायचे. पहिल्या दिवशी त्यानं दुकानातली सगळी दाभणं धार लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचं एक जाडजूड पुस्तक शिवून, उसवून, पुन्हा शिवलं. तिसऱ्या दिवशी काही उरलं नाही आणि ताईचा आवाज काही डोक्यातून जाईना. तेव्हा त्याचं लक्ष पासपोर्टकडे गेलं. जुना दोरा काढला, नव्याला मेण लावलं, जुन्याच भोकांतून टाके घातले, पाठ खळीनं बसवली. पानं सुतभर पुढेमागे झाली होती. कापायच्या यंत्रावर नेऊन ठेवलीही, पण मग तशीच उचलून आणली. रात्रभर वजनाखाली ठेवला. सकाळी बायकोला म्हणाला, "तुझाही दे, बघून ठेवतो." बायकोला कशाचा पत्ता नव्हता, पण सव्वीस वर्षांचा अनुभव होता. तिनं आपला पासपोर्ट साखरेच्या डब्यामागे लपवला.

"तरी म्हटलं माझा का मागताय," ती आता म्हणाली. "जित्याची खोड."

छत्रीवाल्यानं मान पुढे काढून पासपोर्ट न्याहाळला. "काम सुरेख आहे," तो म्हणाला. "काही बोलू नका. मख्खासारखे बसा. दहातल्या नऊ वेळा ते नुसता फोटो बघतात."

"आणि दहाव्या वेळी?" बायकोनं विचारलं.

छत्रीवाल्यानं डोळे मिटून घेतले.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते न सांगितलेलं बरं. बाइंडर उठून दारापर्यंत जायचा, परत यायचा. डब्याची लांबी त्यानं पावलांनी मोजली. जाताना एकेचाळीस भरली आणि येताना त्रेचाळीस, म्हणून पुन्हा मोजली. मनात ताईसाठी वाक्यं जुळवत होता. 'ताई, मला माहीत नव्हतं' असं सुरू करावं, तर ते पळवाटेसारखं वाटायचं. 'ताई, माझं चुकलं' असं सुरू केलं की पुढे काही सुचायचं नाही. एकदा तो मोठ्यानं "ताई" म्हणालाही, आणि शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईनं वळून पाहिलं.

सरहद्दीचं स्टेशन म्हणजे एक लांब फलाट, एक पिवळी इमारत आणि दोन्ही टोकांना तारेची जाळी. गाडी थांबली, दारं धडाधड बंद झाली, आणि इतका वेळ गप्पा मारणारा डबा शाळेतल्या वर्गासारखा चिडीचूप झाला. अधिकारी बाई तरुण होत्या, तिशीच्या आतबाहेर. एका हातात यंत्र, गळ्यात लहानसा जांभळा दिवा. छत्रीवाल्याचा पासपोर्ट त्यांनी बघितला न बघितला आणि परत दिला. बायकोचा उघडला, फोटो पाहिला, शिक्का मारला. मग बाइंडरचा हातात घेतला.

आणि तिथेच घोडं अडलं. पासपोर्ट उघडला तो उघडाच राहिला. बाईंनी तो मिटला, पुन्हा उघडला. पाठीवरून बोट फिरवलं. बाइंडर त्या बोटाकडे बघत होता. तीस वर्षांत गिऱ्हाइकं कितीतरी आली, पण पुस्तकाच्या पाठीवरून असं निवांत बोट फिरवणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याची छाती फुगली. बायकोनं त्याच्या पायावर पाय दिला, तोवर उशीर झाला होता.

"सपाट राहतो ना?" तो म्हणाला. "मधला टाका सैल होता. मी नीट करून घेतला."

बाईंनी वर पाहिलं. "कोणाकडून?"

"कोणाकडून कशाला? मीच केला. धंदाच आहे माझा."

छत्रीवाला खिडकीबाहेर असं काही बघू लागला, जणू तो या डब्यात कधी चढलाच नव्हता. बाईंनी गळ्यातला दिवा लावून पासपोर्टच्या मधोमध धरला. मग बायकोचा परत मागून घेतला आणि शेजारी धरला. बायकोच्या पासपोर्टातला दोरा त्या उजेडात काजव्यासारखा उजळला, लाल आणि हिरवा. बाइंडरचा दोरा नुसता दोरा राहिला.

"तुम्ही खाली उतरा," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे बाइंडर लगेच उठला.

फलाटावरच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट होतं. बाईंनी यंत्रावर फोटो जुळवला, बोटांचे ठसे जुळवले, दोन ठिकाणी फोन केले. सगळं जुळलं. माणूस खरा होता, पानं खरी होती, एकही पान कमी-जास्त नव्हतं. खरा नव्हता तो फक्त दोरा.

"मी वरच्या साहेबांना काय सांगू?" बाई म्हणाल्या. "पासपोर्ट उसवून पुन्हा शिवलाय म्हटलं की पुढचं कोणी ऐकतच नाही. पानं बदलणारे हेच करतात."

"पण मी बदलली नाहीत."

"ते मला दिसतंय. तुम्ही कडासुद्धा कापलेल्या नाहीत, नंबर सगळे जागच्या जागी आहेत. म्हणून तर मी तुमच्यावर केस करत नाहीये. पण हा पासपोर्ट आता चालणार नाही. नवा काढावा लागेल."

"कधी मिळेल?"

"तीन आठवडे."

"बाई, उद्या नऊ वाजता माझ्या बहिणीचा आवाज काढणार आहेत." हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं विचित्र निघालं की त्यालाच ते खोटं वाटलं.

बायकोनं सगळं सांगितलं. दवाखान्याचं पत्र दाखवलं, वहीचंसुद्धा सांगितलं, जे सांगायची काही गरज नव्हती. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आणखी एक फोन केला, या वेळी उभं राहून, आणि ठेवून दिला. "नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "काम वाईट केलं असतंत तर फाटलाय म्हणून सोडता आलं असतं."

गाडी सुटायला सात मिनिटं होती. बायकोनं पदर खोचला आणि निकाल लावला. "मी जाते."

"मग मीही नाही जात, तूही नको—"

"तुम्ही नाहीच जात आहात. म्हणून मी जाते. वन्संनी बोलावलंय, घरातलं कोणीतरी तोंड दाखवायला हवं." तिनं डब्यातून बॅग उतरवून घेतली, त्याचा स्वेटर आणि खाण्याचा डबा काढून त्याच्या हातात दिला आणि बॅग परत वर नेली. दारात उभी राहून म्हणाली, "मी पोचले की फोन करते. वन्संना मनवून बघते. रात्री नऊची परतीची गाडी आहे, तिनं घरी जा. आणि इथे काही शिवत बसू नका."

गाडी हलली. तारेच्या जाळीतून डबे एकेक करून पलीकडे गेले. शेवटचा डबा गेला तेव्हा बाइंडर फलाटाच्या टोकाला, जाळीला नाक लावून उभा होता. त्याला स्वतःचा राग आला, इतका की हात कापून टाकावेत असं वाटलं. एकदा याच हातांनी आई कापली होती. आज स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता, तोही मेण लावून, नीट टाके घालून.

पुढचे सहा तास तो त्या फलाटावर होता. बाक चार होते. तो चारही बाकांवर बसला आणि एकाही बाकावर टिकला नाही. नळावर जाऊन पाणी प्यायला, डबा उघडून बंद केला. पासपोर्ट जमा करून घेतल्याची पावती त्याच्याजवळ होती, मोठ्या कागदाची, एका बाजूला छापील, दुसरी कोरी. तिची घडी त्यानं इतक्या वेळा घातली आणि मोडली की घडीवर कागद मऊ पडला. पाच वाजता अधिकारी बाईंनी चहा पाठवला. सहा वाजता घरी जाताना त्या स्वतः आल्या, काहीतरी बोलायचं होतं असं दिसलं, पण "थंडी पडेल" एवढंच म्हणून गेल्या. पलीकडच्या बाजूचा एक कुत्रा जाळीखालून इकडे आला, फलाटभर फिरला आणि परत गेला. त्याला कोणी काही विचारलं नाही.

आठ वाजले. गाडी पोचली असेल. सव्वाआठ. दवाखाना दहा मिनिटं. साडेआठला तो फोनकडे इतका टक लावून बघत होता की तो खरंच वाजला तेव्हा दचकला.

"पोचले," बायको म्हणाली. "वन्संच्या खोलीत आहे."

"कशी आहे?"

"आहेत. तुम्ही का नाही आलात विचारलं. सांगितलं मी."

"काय सांगितलंस?"

"खरं."

"मग?"

पलीकडून भलताच आवाज येत होता. सुकलेलं दार कुरकुरावं तसा, थांबून थांबून. बाइंडर ताडकन उभा राहिला. "काय होतंय तिला? कोणाला तरी बोलाव."

"काही होत नाहीये," बायको म्हणाली. "हसतायत."

ताई हसत होती. घसा साथ देत नव्हता तरी हसत होती, मधे खोकत होती, पुन्हा हसत होती. अकरा वर्षांत बाइंडरनं तिचा आवाज ऐकला तो हा. मग काहीतरी सरकल्याचा आवाज आला आणि फोन हातातून हातात गेला.

"पासपोर्ट," ताई म्हणाली. आवाज म्हणजे नुसती फुंकर होती, पण तीच. "अरे गाढवा. पासपोर्ट."

"ताई," तो म्हणाला. दिवसभर जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. "ताई, ते वहीचं—"

"वहीचं थांब. मला एक सांग. पासपोर्टच्या कडा कापल्यास?"

"नाही."

"का?"

"मापात नव्हत्या. यंत्रावर ठेवल्या होत्या." तो थांबला. "हात धजला नाही. तेव्हापासून कुठल्याच जुन्या पुस्तकाच्या कडा कापत नाही मी. गिऱ्हाइकं ओरडतात."

ताई म्हणाली, "कागद आहे का जवळ?"

त्यानं खिशातून पावती काढली. कोरी बाजू वर केली, बाकावर ठेवली, आणि कागदापुढे खाली फरशीवर बसला. पेन त्याच्या कोटाला नेहमीच असायचं.

"आई लिहिताना मोठ्यानं बोलायची," ताई म्हणाली. "अक्षर-अक्षर ओढून. त्यामुळे मला सगळं पाठ आहे. मी लिहून ठेवू शकले असते, पण मी का लिहू? कापलंस तू, तू लिही. समोर बसवून लिहून घेणार होते. तेवढ्यासाठी बोलावलं होतं. आता तू तिथे अडकून बसला आहेस, तर तसंच लिही. घे. दूध उतू गेलं."

त्यानं लिहिलं.

"आज पीठ संपलं. थोरलीला बारीक ताप. मला माझं नाव येतं." ताई प्रत्येक ओळ आईसारखी ओढून म्हणत होती, आणि त्या फाटक्या आवाजातही ओढ अगदी तशीच होती, स्वयंपाकघरातून हाक यायची तशी. बाइंडर लिहीत होता. कागद दिसेनासा झाला की बाहीनं डोळे पुसायचा आणि पुढे लिहायचा. बावीस ओळींत पानाची कोरी बाजू भरली. त्यानं कागद उलटला आणि छापील मजकुराच्या कडेला, समासात, लहान अक्षरात लिहू लागला.

"धाकट्याला दाखवायचं नाही," ताई म्हणाली. "तो हसतो."

पेन थांबलं. तो आठ वर्षांचा असताना कधीतरी आईच्या हातात पेन्सिल बघून हसला असेल. असेलच. त्याला आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं हेच वाईट होतं.

"लिहिलंस का?"

"लिहितोय."

फलाटावर उजेड पडला. नऊची परतीची गाडी आली होती. दारं उघडली, दोन माणसं चढली, आणि दिवा घेतलेला एक कर्मचारी फरशीवर बसलेल्या या माणसाजवळ येऊन वाकला. "काका, शेवटची गाडी आहे. यानंतर उद्या दुपारीच." बाइंडरनं मान न उचलता डावा हात हलवला, जा म्हणून.

"अजून पुष्कळ आहेत," ताई म्हणाली. खोकला आला, तो तिनं जाऊ दिला. "तुझी गाडी किती वाजता?"

दारं मिटली. डबे त्याच्या पाठीमागून सरकायला लागले, आधी हळू, मग खडखडत. त्यानं फोनवर हात धरला, आवाज जाऊ नये म्हणून.

"अवकाश आहे," तो म्हणाला. "तो हसतो, इथपर्यंत लिहिलंय. पुढचं सांग."